निर्णय कुठे व्हायचा? यशवंतराव चव्हाणांचं विकासाचं गणित, सोप्या भाषेत

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा त्यात २६ जिल्हे होते. कापडगिरण्या, बंदर, बँका, शेअर बाजार, इंजिनिअरिंगचे कारखाने यांतलं बहुतेक सगळं मुंबईत आणि तिला लागून असलेल्या ठाण्याच्या पट्ट्यात होतं. उरलेल्या एवढ्या मोठ्या मुलखात पावसावरची शेती, सावकाराचं कर्ज आणि मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरची वाट. कागदावर राज्य श्रीमंत होतं, पण त्या श्रीमंतीचा बहुतेक जिल्ह्यांशी फारसा संबंध नव्हता.

अशा राज्याचा पहिला मुख्यमंत्री काय करेल? एक वाट सरळ होती. मुंबईला वाढू द्यायचं, तिथून कर गोळा करायचा आणि तो खेड्यांत वाटायचा. दुसरी वाट त्या काळात सगळ्या नव्या स्वतंत्र देशांत लोकप्रिय होती: सरकारने मोठी धरणं आणि मोठे कारखाने बांधायचे आणि त्यांचा लाभ हळूहळू खाली पोहोचेल असं धरून चालायचं. यशवंतराव चव्हाणांनी या दोन्ही वाटा पूर्णपणे नाकारल्या नाहीत. कोयनेची वीज त्यांनाही हवी होती आणि मुंबईचा करही. पण त्यांचा भर तिसऱ्याच गोष्टीवर होता. शेतमालातून तयार होणारा नफा तालुक्यातच राहिला पाहिजे, आणि त्या तालुक्याबद्दलचे निर्णय घेणारी माणसंही तिथलीच असली पाहिजेत. कारभार आणि आर्थिक वाढ ही त्यांच्या लेखी दोन वेगळी खाती नव्हती. हा विचार नीट समजून घेतला तर महाराष्ट्राचं बरंच काही उलगडतं. त्याचं यशही उलगडतं आणि जिथे तो तोकडा पडला ती जागाही दिसते.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा. वडील लहानपणीच गेले, आई विठाबाईंनी वाढवलं. कराडला शाळा, कोल्हापूरला कॉलेज, पुण्यात वकिलीचं शिक्षण, मधल्या काळात स्वातंत्र्यलढा आणि तुरुंग. तरुणपणी काही काळ ते क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले होते. पुढे ती वाट त्यांनी सोडली, पण राजकीय स्वातंत्र्याला शेतकऱ्याच्या आर्थिक सुटकेची जोड नसेल तर ते अपुरं आहे, ही जाणीव त्यांच्यात शेवटपर्यंत राहिली. नोव्हेंबर १९५६ मध्ये ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. म्हणजे मुख्यमंत्रिपदाची जेमतेम सहा वर्षं, आणि त्यातली महाराष्ट्राची फक्त अडीच. पुढे ज्या संस्थांवर या राज्याचं ग्रामीण राजकारण उभं राहिलं, त्यांतल्या बऱ्याच याच अडीच वर्षांत कायद्याच्या रूपात आल्या.

कृषी-औद्योगिक समाज

यशवंतरावांच्या भाषणांत 'कृषी-औद्योगिक समाजरचना' हा शब्दप्रयोग वारंवार यायचा. ऐकायला जड वाटतो, पण त्यामागचं गणित अगदी साधं आहे.

शेतकरी कच्चा माल विकतो. त्या मालावर प्रक्रिया होते, त्याची पक्की वस्तू होते, आणि किमतीतली मोठी वाढ याच टप्प्यावर होते. प्रक्रिया दुसऱ्याच्या हातात असेल तर वाढलेली किंमत दुसऱ्याच्या खिशात जाते. शेतकऱ्याकडे पैसा साचत नाही, म्हणून तो शेतीत गुंतवू शकत नाही, म्हणून उत्पन्न वाढत नाही, म्हणून तो पुन्हा कर्ज काढतो. हे चक्र तोडायचं तर प्रक्रियेचा कारखाना शेताजवळ हवा आणि त्याची मालकी शेतकऱ्यांची हवी. मग शेती आणि उद्योग एकाच भागात, एकमेकांना पैसा पुरवत वाढतील.

हे एकट्या यशवंतरावांचं डोकं नव्हतं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा करून ही गोष्ट आधीच दाखवून दिली होती. तिथे १९५० मध्ये गाळप सुरू झालं. मग १९५४ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल आला. शेतकरी जे कर्ज काढतो त्यातल्या दर १०० रुपयांपैकी जेमतेम ३ रुपये सहकारी संस्थांकडून येतात, असं त्यात निघालं. बाकीचा मोठा हिस्सा सावकार आणि व्यापाऱ्यांचा. सहकार चळवळ सुरू होऊन पन्नास वर्षं झाल्यावरचा हा आकडा. त्या अहवालाचं म्हणणं स्पष्ट होतं: नुसत्या सद्भावनेवर सहकार उभा राहणार नाही, सरकारला त्यात भागीदार व्हावं लागेल.

यशवंतरावांनी या भागीदारीला राजकीय बळ दिलं. पद्धत अशी होती: परिसरातले ऊस उत्पादक शेअर घेऊन सभासद होतात. त्यांचं भागभांडवल पुरत नाही, म्हणून राज्य सरकार स्वतः शेअर घेतं. यंत्रसामग्रीसाठी औद्योगिक वित्त महामंडळ दीर्घ मुदतीचं कर्ज देतं आणि त्या कर्जाला राज्य सरकार थकहमी देतं, म्हणजे कर्ज थकलं तर ते फेडायची हमी. कारखाना चालू झाला की ऊसबिलातून थोडी थोडी कपात होते, तिच्या ठेवी होतात, आणि त्यातून कर्ज फिटतं, पुढचा विस्तार होतो. संचालक मंडळ सभासद निवडतात. पाच एकरवाला असो की पन्नास एकरवाला, मत एकच.

यातली सर्वांत महत्त्वाची बाब मला कपातीची वाटते. गरीब देशाच्या विकासात सगळ्यात अवघड प्रश्न असतो तो भांडवल आणायचं कुठून हा. शेतकऱ्यावर कर लावून ते काढायला गेलात तर तो चिडतो आणि राजकारणी माघार घेतो. ऊसबिलातली कपात मात्र शेतकऱ्याने मान्य केली, कारण त्या पैशातून उभा राहणारा कारखाना, शाळा, रस्ता, दवाखाना त्याला घराच्या अंगणातून दिसत होता, आणि कपात किती करायची हे ठरवणारा माणूस त्यानेच निवडलेला होता. जिथे देणारा आणि ठरवणारा एकाच शिवारातले असतात तिथे पैसा उभा राहतो. यशवंतरावांच्या अर्थकारणाचा गाभा मी यातच पाहतो.

साखर चालली, कापूस का नाही?

एवढं चांगलं गणित असेल तर ते सगळीकडे का लागू पडलं नाही? पश्चिम महाराष्ट्रात सहकाराने खेडी बदलली आणि विदर्भात तोच प्रयोग अडखळला. याचं उत्तर अनेकदा 'तिकडे नेतृत्व नव्हतं' असं दिलं जातं. ते अर्धवट तर आहेच, शिवाय विदर्भातल्या माणसांवर अन्याय करणारंही आहे. थोडं पिकांकडे पाहू.

ऊस तोडला की त्यातली साखर तासागणिक कमी होऊ लागते. तो लवकरात लवकर, शक्यतो दिवसभरात गाळावा लागतो. शिवाय तो वजनदार. एक टन उसातून साधारण शंभर-एकशेदहा किलो साखर निघते, बाकी सगळं पाणी, चिपाड आणि मळी. एवढं वजन दोनशे मैल वाहून नेणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे साखर कारखाना उसाच्या फडाजवळच असावा लागतो, मालक कोणीही असो. शेतकऱ्याला कारखान्याची गरज आहे आणि कारखान्यालाही त्याच परिसरातल्या शेतकऱ्याची. दोघांना एकमेकांपासून पळता येत नाही. सहकाराला यापेक्षा चांगली जमीन मिळणार नाही. दुधाचंही तसंच. दूध नासतं, म्हणून संकलन आणि शीतकरण गावाजवळ लागतं, आणि म्हणूनच कोल्हापूरच्या बाजूला दूध संघ मुळं धरून वाढले.

कापूस वेगळा. वेचलेला कापूस महिनोन्‌महिने टिकतो. सरकी काढून गाठी बांधल्या की तो रेल्वेने मुंबईला, अहमदाबादला, पूर्वी तर बोटीने इंग्लंडलाही गेला. गिरणी वऱ्हाडात असण्याची कुणाला गरजच नव्हती. टिकणारा माल साठवता येतो, आणि साठवण्याची ताकद व्यापाऱ्याकडे असते, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याकडे नसते. त्यामुळे वाढीव किंमत मुलखाबाहेर जात राहिली. १९७० च्या दशकात राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली, पण ती खरेदीची योजना होती. मालावर प्रक्रिया करून मालक होण्याचा मार्ग तिच्यातून निघाला नाही.

दुसरी अडचण पाण्याची. उसाला बारमाही पाणी लागतं. नगर, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात नद्या होत्या, इंग्रजी अमदानीपासूनचे कालवे होते. मराठवाडा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथे सिंचनाची सुरुवातच उशिरा झाली. यशवंतरावांना हे दिसत होतं. बर्वे आयोग नेमून त्यांनी राज्याच्या पाण्याचा पहिला मोठा अभ्यास करवून घेतला आणि त्याचा अहवाल १९६२ मध्ये आला. पण अहवाल आणि कालवा यांच्यात अनेक अर्थसंकल्प असतात, आणि तोवर ते दिल्लीला गेले होते.

म्हणजे कृषी-औद्योगिक समाजाची कल्पना चुकीची नव्हती. तिला काही अटी होत्या: माल नाशवंत हवा, पाणी हवं, आणि शेतकऱ्याच्या नावावर जमीन हवी. या अटी जिथे आपोआप पूर्ण झाल्या तिथे ती फुलली. जिथे त्या नव्हत्या तिथे सरकारने त्या मुद्दाम तयार करायला हव्या होत्या, आणि ते पुरेसं झालं नाही.

कलेक्टरला बाजूला ठेवणारा कायदा

आता कारभाराकडे येऊ. इंग्रजांनी जिल्हा एका माणसाच्या हाती दिला होता, तो म्हणजे कलेक्टर. महसूल त्याचा, कायदा-सुव्यवस्था त्याची, दुष्काळात अन्नछत्रही त्याचंच. स्वातंत्र्यानंतर विकासाची कामं वाढली आणि तीही त्याच टेबलावर जाऊन पडली. शाळेची भिंत पडली तरी अर्ज सरकारी अधिकाऱ्याकडे, आणि हा अधिकारी लोकांना उत्तरदायी नव्हता. तो मंत्रालयाला उत्तर देत होता. (तेव्हा त्याला सचिवालय म्हणत.)

१९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने देशासाठी तीन पायऱ्यांची रचना सुचवली: गाव, गट आणि जिल्हा. त्यात खरी ताकद गटाच्या पातळीवर, म्हणजे पंचायत समितीकडे होती. जिल्हा परिषद सल्ला देणारी, आणि तिचा अध्यक्ष कलेक्टर. राजस्थानने २ ऑक्टोबर १९५९ ला नागौरपासून या मार्गाने सुरुवात केली.

यशवंतरावांनी घाई केली नाही. त्यांनी १९६० मध्ये वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नाईक तेव्हा महसूलमंत्री होते, पुढे तेच मुख्यमंत्री झाले. या समितीने १९६१ मध्ये वेगळाच निष्कर्ष काढला. गट फार लहान आहे. तिथे चांगला इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षणाधिकारी ठेवणं परवडत नाही आणि नियोजनही नीट होत नाही. म्हणून खरी सत्ता जिल्हा पातळीवर द्या. आणि कलेक्टरला या रचनेबाहेर ठेवा. तो समोर बसला तर नवखे सदस्य बोलणार नाहीत.

या शेवटच्या मुद्द्यावर त्या काळी मोठा वाद झाला. ज्यांनी कधी फाइल पाहिली नाही अशा लोकांच्या हातात लाखो रुपये द्यायचे का, हा विचारणाऱ्यांचा सूर होता. यशवंतरावांची भूमिका अशी की माणूस जबाबदारी घेतल्याशिवाय जबाबदार होत नाही. चुका होतील, त्या होऊ द्याव्या लागतील. पोहायला शिकवायचं तर पाण्यात उतरवावंच लागतं.

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा १९६१ चा, आणि १ मे १९६२ पासून मुंबई सोडून २५ जिल्ह्यांत परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते, लहान पाटबंधारे, पशुसंवर्धन अशी खाती तिथल्या कर्मचाऱ्यांसकट परिषदेकडे गेली. आयएएस दर्जाचा अधिकारी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आला, पण निवडून आलेल्या अध्यक्षाच्या आणि समित्यांच्या निर्णयांची अंमलबजावणी करायला. शिक्षण, बांधकाम, आरोग्य, शेती अशा विषय समित्या आणि त्यांचे सभापती. देशात इतकी सत्ता जिल्ह्याला देणारी राज्यं तेव्हा बोटांवर मोजण्यासारखी होती.

याचा आर्थिक वाढीशी काय संबंध? फार जवळचा. ऊस कारखान्यापर्यंत पोचायला रस्ता लागतो. तो कोणत्या गावावरून जाणार हे मुंबईत ठरत असेल तर हंगाम निघून जातो. पाझर तलाव कुठे व्हावा हे ज्याला उन्हाळ्यात विहीर कुठे आटते हे माहीत आहे त्यालाच चांगलं कळतं. शिवाय जिल्हा परिषद आणि कारखाना मिळून माणसं तयार करणारी शाळा झाली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांतले आमदार, मंत्री, मुख्यमंत्री यांतले कितीतरी जण आधी पंचायत समितीच्या सभापतीच्या किंवा कारखान्याच्या संचालकाच्या खुर्चीत बसून ताळेबंद वाचायला शिकले होते.

त्याच काळात बाकीही कामं झाली. जमीन धारणेवर कमाल मर्यादा घालणारा कायदा १९६१ मध्ये झाला आणि त्यात खाजगी साखर कंपन्यांच्या प्रचंड जमिनीही आल्या. १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झालं. जमीन, पाणी, रस्ता, वीज या गोष्टी उद्योजकाने एकेक करून मिळवायच्या त्याऐवजी त्या एकत्र तयार करून भूखंड द्यायचा, ही कल्पना. तिने मुंबईवरचा भार हलवला खरा, पण आधी तो ठाणे, अंबरनाथ आणि पिंपरी-चिंचवड एवढ्याच अंतरावर गेला. महार वतनं, म्हणजे गावकीच्या सेवेला पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवणारी इनामं, रद्द झाली. जी मागणी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधेयक आणून केली होती ती तीस वर्षांनी पूर्ण झाली. नवबौद्धांना राज्यात सवलती मिळाल्या. आणि आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना फीमाफी मिळाली, जिला आजही अनेक घरांत 'ई.बी.सी.' म्हणून ओळखतात. माझ्या मते खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त परतावा देणारा निर्णय हाच. घरातला पहिला पदवीधर होणं म्हणजे काय असतं हे त्या घरालाच विचारावं.

दिल्लीतले अर्थमंत्री

जून १९७० ते ऑक्टोबर १९७४ या काळात यशवंतराव देशाचे अर्थमंत्री होते, आणि ही वर्षं भारतीय अर्थव्यवस्थेच्या फार वाईट वर्षांपैकी होती. बांगलादेशचं युद्ध, निर्वासितांचा खर्च, १९७२ चा दुष्काळ, आणि १९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमतींचा भडका. १९७३-७४ च्या अर्थसंकल्पात त्यांनी ५५० कोटी रुपयांची तूट दाखवली. तेव्हा ही रक्कम एवढी मोठी वाटली की त्याला लोक 'काळा अर्थसंकल्प' म्हणू लागले.

या काळाकडे दोन कारणांनी लक्ष द्यावंसं वाटतं. पहिलं म्हणजे कराचा दर. अधिभार धरून आयकराचा सर्वोच्च दर तेव्हा ९७.७५ टक्के होता. वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात राहणार असतील तर उत्पन्न दाखवतो कोण? प्रत्यक्ष करांचा अभ्यास करणाऱ्या वांच्छू समितीने हेच सांगितलं: इतका दर काळा पैसा वाढवतो. समाजवादी सरकारच्या अर्थमंत्र्याला श्रीमंतांचा कर कमी करणं राजकीयदृष्ट्या अवघड होतं, तरी १९७४ मध्ये यशवंतरावांनी तो ७७ टक्क्यांवर आणला. आज हाही दर अचाट वाटेल, पण दिशा त्यांनी बदलली.

दुसरं कारण महागाई. १९७४ च्या जुलैमध्ये वटहुकूम निघाले: पगारवाढीची पूर्ण रक्कम आणि वाढीव महागाई भत्त्यातली निम्मी सक्तीने ठेवीत टाकायची, कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा. कामगार संघटना खवळल्या. पण बाजारातला पैसा आटला आणि पुढच्या वर्षी भाववाढ उतरली.

यात एक विसंगती आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ज्या नेत्याने मुंबईत बसून सत्ता जिल्ह्यांना दिली, तोच दिल्लीत अशा सरकारचा अर्थमंत्री होता जे कोळसा खाणी, सर्वसाधारण विमा असं सगळं केंद्राच्या हातात घेत होतं आणि परवान्यांचं राज्य घट्ट करत होतं. विकेंद्रीकरणाचा विचार ते दिल्लीत नेऊ शकले नाहीत. तिथे त्यांच्याकडे खातं होतं, सरकारची दिशा ठरवण्याची ताकद नव्हती.

कोण बाहेर राहिलं

सहकारी कारखान्याचा सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला जमीन लागते. म्हणजे ज्याला जमीन नाही तो पहिल्याच पायरीवर बाहेर. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या कोरडवाहू तालुक्यांतून ऊसतोड कामगार बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रकमध्ये संसार घालून निघतात आणि फडावर झोपड्या ठोकतात. ऊस बांधावरून गव्हाणीपर्यंत त्यांच्या हातांनी जातो, पण कारखान्याच्या वार्षिक सभेत त्यांना मत नाही. त्यांची मजुरी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत वळती होते, आणि त्यांच्या मुलांची शाळा हंगामाबरोबर तुटते. एक सभासद, एक मत ही फार मोठी गोष्ट होती, हे खरंच. पण ते मत श्रम करणाऱ्याला मिळालं नाही, जमीनमालकाला मिळालं. शेतीला उद्योगाची जोड देणाऱ्या विचाराने शेतमजुराला त्या उद्योगात वाटा कसा द्यायचा हे सोडवलं नाही, आणि माझ्या दृष्टीने ही त्या विचाराची सर्वांत मोठी उणीव आहे.

प्रदेशांमधली दरी आकड्यांत मोजली ती वि. म. दांडेकर समितीने, १९८४ मध्ये. रस्ते, सिंचन, शाळा, वीज अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपर्यंत यायला मागे पडलेल्या जिल्ह्यांवर ३,१८६ कोटी रुपये खर्चावे लागतील, असा तिचा हिशेब होता. त्यातले सुमारे ३९ टक्के विदर्भाचे, साडेतेवीस टक्के मराठवाड्याचे. उरलेले ३७ टक्के कोकणासह बाकीच्या महाराष्ट्राचे, हेही लक्षात ठेवायला हवं, कारण पश्चिम महाराष्ट्रातल्या दुष्काळी तालुक्यांनाही साखरेचा स्पर्श झालेला नव्हता.

तिसरी गोष्ट जिल्हा परिषदेच्या मुळाशी आहे. परिषदेला कामं मिळाली, माणसं मिळाली, पण स्वतःचं भरघोस उत्पन्न मिळालं नाही. जमीन महसुलावरचा उपकर आणि किरकोळ शुल्कं सोडली तर जवळपास सगळा पैसा राज्याच्या अनुदानातून यायचा. वरून दिलेली सत्ता वरून काढून घेता येते, आणि तसंच झालं. १९७० च्या दशकात जिल्हा नियोजन मंडळं आली आणि योजनेच्या पैशाच्या चाव्या मंत्र्याकडे गेल्या. आजचा पालकमंत्री त्याच वाटेने आला. निवडणुकाही वेळेवर राहिल्या नाहीत. १९७९ नंतर जिल्हा परिषदेची पुढची निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. तेरा वर्षं! सत्ता खाली देणाऱ्याचे वारस मुंबईत बसून ती परत घेत होते, आणि यात कोणताही पक्ष मागे नव्हता.

यशवंतरावांच्या आयुष्यातलं शेवटचं मोठं काम नेमकं याच प्रश्नाच्या वरच्या मजल्यावरचं होतं. आठव्या वित्त आयोगाचे ते अध्यक्ष होते. केंद्राच्या करातला किती वाटा राज्यांना जावा आणि तो राज्यांमध्ये कसा वाटावा, हे आयोग ठरवतो. त्यांच्या आयोगाने १९८४ च्या अहवालात केंद्रीय अबकारी करातला राज्यांचा हिस्सा ४० वरून ४५ टक्क्यांवर नेला, आणि ती वाढीव ५ टक्के रक्कम तुटीत असलेल्या राज्यांसाठी राखून ठेवली. म्हणजे दिल्लीची मर्जी सांभाळून अनुदान मागण्याऐवजी ठरलेल्या सूत्राने मिळणारा हक्काचा पैसा. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले.

राज्यांना मिळतो तसा सूत्राने ठरलेला वाटा जिल्ह्याला आणि गावाला मिळावा यासाठी घटनेत तरतूद व्हायला १९९२ ची ७३ वी दुरुस्ती यावी लागली. दर पाच वर्षांनी निवडणूक, आणि दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग, असं तिने बंधन घातलं. तरी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका न्यायालयात अडकल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. पंधराव्या वित्त आयोगाची अट होती की अनुदान निवडून आलेल्या संस्थांनाच मिळेल. त्यामुळे जिथे सभागृह रिकामं होतं तिथे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या वाट्याचा पैसाही दिल्लीत थांबला.